वरच्या खोलीतला आवाज

माझी बायको पोट धरून हसते, हे मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हेडफोनमधून कळलं. घरी ती हसत नाही असं नाही. पाहुण्यांपुढं हसते, टीव्हीपुढं हसते, आणि माझ्या विनोदावर तर लगेच हसते, म्हणजे मी पुढं बोलू नये. पण हे हसणं वेगळं होतं. मध्येच श्वास अडकायचा, नाकातून आवाज यायचा, मग ती म्हणायची, "बास रे, मेले मी!" असलं हसणं माझ्या घरात कधी आलंच नव्हतं. आणि ज्याच्यामुळं ते आलं, तो माणूस त्या वेळी साडी नेसून उभा होता.

नीट सांगतो. मी अभय. पुंडलिकनगरात माझं कॅमेऱ्यांचं छोटं दुकान आहे. घरं, दुकानं, क्लासेस, जिथं म्हणाल तिथं सीसीटीव्ही बसवून देतो. माझी बायको विशाखा गुलमंडीच्या बाजारात किशोरशेठच्या साड्यांच्या दुकानात काउंटरला होती. साडी नेसलेला माणूस म्हणजे विश्वजीत, तिथलाच सेल्समन. पदर कसा पडतो ते गिऱ्हाइकाला दाखवायला हे लोक शर्ट-पँटवरच साडी गुंडाळून उभे राहतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. विश्वजीत त्यात पटाईत. भराभर निऱ्या घालणार, खांद्यावर पदर टाकणार आणि मान अशी वाकडी करणार, की नवरीची आईसुद्धा म्हणते, हीच द्या. दुकानात करतो ते त्याचं काम, मान्य. पण जेवणाच्या सुट्टीत, वरच्या खोलीत, गिऱ्हाइकांच्या नकला करत साडी नेसून फिरायचं आणि दुसऱ्याच्या बायकोला हसवायचं, हे कुठल्या पगारात बसतं?

त्या खोलीत ती दोघंच नसत, हेही सांगायला हवं. तिथं साळूबाई मशीनवर साड्यांना फॉल-पिको करायची, आणि दुकानातल्या सगळ्या बायका तिथंच डबे सोडायच्या. पाच-सहा जणींचा गलका असायचा. विश्वजीतनं आज कुठली साडी गुंडाळलीय, तेसुद्धा मला त्या गलक्यातूनच कळायचं. मला मात्र ऐकू यायचं ते दोघांचंच. जळणाऱ्या माणसाचे कान असेच असतात. भर वरातीत बँडबाजा वाजत असला तरी त्याला हवी ती कुजबुज बरोबर ऐकू येते.

हे सगळं ऐकू यायचं ते त्या खोलीतल्या माइकमधून, आणि तो माइक मीच बसवला होता. कॅमेरे दुकानात आधीपासून होते. एक दिवस शेठनं मला गल्ल्याजवळ बोलावून घेतलं. "अभय, चित्र दिसतंय, पण आवाज नाही. आवाज पाहिजे. काउंटरला पण आणि वर पण. वर कॅमेरा नको, नुसता माइक. ये लोग ऊपर क्या बातें करते हैं, मालूम होना चाहिए."

"शेठ, वर तर बायका जेवतात."

"खोली कुणाची?" शेठ म्हणाला. "माझी ना? मग तिथलं बोलणं ऐकायला मी कुणाला विचारू? आणि हे बघ, बोलायचं नाही कुठं. तुझी मिसेस इथं आहे, तिला पण नाही."

गुलमंडीवरच्या आणखी दुकानांचं काम शेठच्या शब्दावर मिळणार होतं. मी मुकाट्यानं शिडी लावली. विशाखानं खालून माझ्यासाठी चहा पाठवला. संध्याकाळी घरी तिनं विचारलंसुद्धा, "काय लावत होता हो वर?" मी म्हणालो, "कॅमेऱ्याची वायर ओढत होतो. चोऱ्या होतात म्हणे." गिऱ्हाइकाची गोष्ट घरी बोलायची नाही, हा धंद्याचा नियम आहे. डॉक्टर बोलतो का? वकील बोलतो का? मग मलाच का विचारता?

दुरुस्तीसाठी म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाचं ॲप माझ्या फोनमध्ये असतं. पासवर्ड आम्हीच टाकून देतो आणि कुणीही तो बदलत नाही. पहिल्या दिवशी आवाज नीट येतो का, एवढंच तपासायला मी हेडफोन लावला. दुसऱ्या दिवशी काय तपासत होतो, ते मला विचारू नका. दुपारी विशाखाच्या जेवणाची वेळ झाली की मी माझ्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढायचो आणि डबा समोर ठेवून तिच्यासोबत जेवायचो. फक्त तिला ते ठाऊक नव्हतं.

काय काय कळलं म्हणून सांगू. सकाळी उठल्यावर तिच्या उजव्या टाचेत कळ येते, हे साळूबाईला माहीत होतं, मला नव्हतं. तिला एम.ए. करायचं होतं, हे तिथल्या नव्या पोरीला माहीत होतं. ती किशोरशेठची अशी नक्कल करते की बायका डबे बाजूला ठेवून टाळ्या देतात, हे तर सगळ्या खोलीला माहीत होतं. इतकं बोलणारी बाई माझ्यासमोर "वाढू का?" आणि "झालं का?" एवढ्यावर दिवस काढते! माझ्या वाट्याला बायकोची पावती आणि माल सगळा वरच्या खोलीत. मला साळूबाईचासुद्धा राग यायला लागला होता. आणि माझं नाव? माझं नाव येतं का म्हणून मी जीव कानात आणून ऐकायचो. ते आलं एकदा, लोणच्यावरून. "आमच्या ह्यांना तिखट चालत नाही," एवढंच.

विश्वजीतचं नाव मात्र घडीघडीला. विश्वजीत, सांग ना तो किस्सा. विश्वजीत, तुझ्या आईनं काय दिलं आज? तो अजिंठ्याकडचा, फर्दापूरचा. शहरात खोली करून राहायचा आणि गावाहून येताना आईच्या हातचं भरीत घेऊन यायचा. ते तो आधी विशाखापुढं धरायचा. "घ्या ताई." लोक म्हणतील, ताई म्हणतो ना, मग झालं. अहो, ताई म्हटलं की दाराची कडी वाजवायचीसुद्धा गरज उरत नाही. मला तो आडून आडून बोलणारा असता तरी चाललं असतं. हा तर सरळ घरात शिरत होता.

एका दुपारी ती भरीत खाताना म्हणाली, "आमच्या घरच्या भरताला अशी चवच नाही." त्या संध्याकाळी तिनं नेमकं वांगं भाजलं. मी दोन घास खाल्ले, आणि राहवेना म्हणून बोलून गेलो, "बघ बाई, आपल्या घरच्या भरताला म्हणे चवच नाही."

तव्यावरच्या भाकरीवर तिचा हात थांबला. "कोण म्हणालं?"

"कोण कशाला म्हणेल? मीच म्हणतोय."

ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा तिनं मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हेडफोन लावला आणि कानात नुसती खडखड. साळूबाईचं मशीन चालू होतं. पाय दुखतात म्हणून सुट्टीत मशीनचं पायडल दाबायलाही तयार नसणारी ती बाई आता डबे उघडल्यापासून बंद होईपर्यंत मशीन पळवत होती, बहुतेक रिकामंच. खडखडीच्या तळाशी माणसं बोलत होती, हे कळत होतं. काय बोलत होती, ते नाही. रोज तेच. शेठचा फोन आला, "अरे अभय, वरून नुसती मशीन येतेय." मी म्हणालो, माइक स्वस्तातला घेतलात, मी काय करू?

पण माझं काय झालं ते मी कुणाला सांगणार? ऐकू येत होतं तोवर निदान माहीत तरी होतं. आता त्या खडखडीखाली विश्वजीत काय म्हणत असेल, ती काय म्हणत असेल, कोण कुणाच्या जवळ सरकून बसलं असेल, ते सगळं मलाच रचावं लागत होतं, आणि माझ्याइतकं वाईट ते कुणीच रचलं नसतं. मी कामात चुका करायला लागलो. एका क्लासचा कॅमेरा भिंतीकडं तोंड करून बसवून आलो.

मग एक दिवस मशीन अचानक थांबलं. साळूबाईचा आवाज आला, "थांबा रं, दोरा तुटला मेला. चष्मा कुठंय माझा?"

आणि त्या शांततेत विश्वजीत, हळू आवाजात पण स्वच्छ: "मग रविवारी नक्की ना ताई? फर्दापूर. सकाळच्या एस्टीनं निघू."

"नक्की," माझी बायको म्हणाली.

"घरी काय सांगताल?"

"सांगते काहीतरी. दुकानात माल मोजायचाय म्हणते." आणि ती हसली. तेच हसणं, नाकातून आवाज येणारं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हेडफोन उपटला, टेबलावर आपटला आणि ॲप बंद केलं. पुढचं ऐकायची गरजच वाटली नाही. आणखी ऐकायला राहिलंच काय होतं?

संध्याकाळी वरण ढवळता ढवळता ती म्हणाली, "रविवारी दुकानात माल मोजायचाय. विहारात वंदनेला तुम्हीच जाऊन या, माझी वाट बघू नका." इतक्या सहज बोलली की मला माहीत नसतं तर मी तिला उन्हाचा स्कार्फ न विसरायची आठवण केली असती. विचारावं तर कसं विचारावं? फर्दापूरचं नाव काढलं की ती विचारणार, तुम्हाला कसं कळलं. नवऱ्याला हक्काचा एक प्रश्न विचारायचा होता आणि माझ्याच हातानं बसवलेल्या माइकनं माझं तोंड बांधून ठेवलं होतं. मी म्हणालो, "बरं."

मी तिला विचारू शकत नव्हतो. शेठला सांगू शकत होतो. दुसऱ्या दिवशी मी गुलमंडीवर गेलो आणि म्हणालो, "शेठ, वरच्या खोलीचं कालचं जेवणाच्या वेळचं ऐका. मध्ये मशीन थांबलंय, तिथून. विश्वजीतचं काहीतरी चाललंय." नाव मी फक्त विश्वजीतचं घेतलं. शेठ संशयी माणूस. विश्वजीतला काढेल, तो फर्दापूरला जाऊन बसेल आणि माझ्या घरात पुन्हा शांतता होईल, एवढाच माझा हिशोब होता.

शनिवारी दुपारीच विशाखा घरी आली. सोबत साळूबाई. दोघींच्या हातात डब्याच्या पिशव्या, साळूबाईच्या पिशवीत तिची कात्री आणि चष्मासुद्धा. मी जेवायला घरी आलो होतो. साळूबाई उंबऱ्यातच बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काढलं आम्हाला," विशाखा म्हणाली. "सगळ्यांना खाली उभं केलं शेठनं. गिऱ्हाइकंसुद्धा होती. आणि मोठ्या स्पीकरवर आमचं बोलणं लावलं. माझं हसणं ऐकवलं सगळ्या दुकानाला."

"कुठलं बोलणं?"

ती मला सांगत गेली. मी हेडफोन आपटला त्याच्या पुढंच सगळं होतं. मशीनमध्ये दोरा ओवता ओवता साळूबाई म्हणाली होती, गाळा बघितल्याबिगर म्या हो म्हणायची नाय. विश्वजीतच्या मामाचा फर्दापूरला गाळा आहे, लेणी बघून येणारे प्रवासी उतरतात त्या रस्त्याला. तो रिकामा झाला होता. विशाखा आणि साळूबाई दोघी मिळून तिथं साड्यांचं आणि फॉल-पिकोचं दुकान टाकणार होत्या. रविवारी गाळा बघायला तिघंही जाणार होती. शेठनं ते शेवटपर्यंत ऐकलं. माझ्यासारखं मध्येच सोडलं नाही. माझं खाऊन माझ्याच धंद्यावर उठलात म्हणाला, आणि दोघींना त्याच पावली बाहेर काढलं. विश्वजीतला मात्र ठेवलं, कारण लगीनसराई तोंडावर होती आणि नवरीच्या साड्या त्याच्याशिवाय कोण विकणार?

म्हणजे ज्याला काढायचं तो राहिला, आणि जिला ठेवायचं ती घरी आली.

"मला सांगायचं होतंस ना," मी म्हणालो. "चांगली गोष्ट होती, तर लपवलीस कशाला?"

"सांगितलं असतं तर पहिलं काय विचारलं असतं तुम्ही?" ती म्हणाली. "गाळा कुणाचा."

खरं होतं ते. म्हणून मला आणखीनच राग आला.

उंबऱ्यातून साळूबाई म्हणाली, "आवो अभयभाऊ, त्या खोलीत बाया काय काय बोलत्यात. कुणाची पाळी, कुणाचा नवरा मारतोय, कुणाचं पोट पाडलं. लई दिसांचं साचलेलं तिथं वततो आमी. ते समदं त्या बाप्यानं ऐकलं व्हय? आता त्या पोरी त्याच्यापुढं उभ्या कशा राहतील?"

ते सगळं मीही ऐकलं होतं. माझ्या कामाचं नव्हतं म्हणून सोडून दिलं होतं, इतकंच.

"शेठ म्हणाला, माइक तुझ्याच नवऱ्यानं लावलाय," विशाखा म्हणाली.

"त्यानं लावायला सांगितला म्हणून लावला. माझं काम आहे ते."

"आणि भरताचं? तेसुद्धा शेठनंच सांगितलं का तुम्हाला?"

साळूबाई उठली आणि चपला घालून अंगणात जाऊन उभी राहिली. विशाखाचा आवाज चढला नाही. चढला असता तर मीही चढवला असता, मोकळं तरी झालो असतो.

"मला संशय त्या भरताच्या रात्रीच आला होता, म्हणून तर साळूबाईला मशीन चालू ठेवायला लावलं," ती म्हणाली. "वाटलं, शेठनं गप्पा मारता मारता तुम्हाला सांगितलं असेल. तुम्ही स्वतः बसून ऐकत असाल, हे मी मनात येऊच दिलं नाही."

मग ती पाणी प्यायली आणि मुद्द्यावर आली. सोमवारी त्या दोघी कामगार कार्यालयात तक्रार देणार होत्या. नोकरीवरून काढलं त्याची, आणि न सांगता जेवणाच्या खोलीत कान लावला त्याचीही. बाकीच्या बायका घाबरल्या होत्या. शेठ म्हणणार, माइक नव्हताच, यांच्यातल्याच कुणीतरी फोनवर रेकॉर्ड केलं. "तुम्ही नुसतं येऊन सांगा," विशाखा म्हणाली. "माइक मी बसवला, कामावरच्या लोकांना सांगू नको असं शेठ म्हणाला. एवढंच. बाकी तुम्ही काय ऐकलं, ते मी तिथं काढणार नाही."

नंतर गुलमंडीवर मला कुणी दारात उभं केलं नसतं, हे तर होतंच. पण खरं सांगू का, त्या वेळी माझ्या मनात धंदा नव्हता. मला एकच गोष्ट विचारायची होती, आणि आता माइकचं झाकण उडालं होतं, तर विचारायला मोकळीक होती.

"विश्वजीत येणार आहे का तिथं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं चिडेल. तिच्या चेहऱ्यावर चीड नव्हती, नुसता थकवा होता.

"त्याला आम्ही बोलावलेलंच नाही," ती म्हणाली. "त्याची नोकरी आहे अजून. कशाला त्याला गोत्यात आणू?"

"बघ! त्याची नोकरी वाचवायची, आणि नवऱ्याचा धंदा बुडाला तरी चालेल."

ती एवढंच म्हणाली, "नका येऊ मग." साळूबाईला आत बोलावून तिनं तिला ताटात वाढलं. मलाही वाढलं. "वाढू का?" एवढंसुद्धा विचारलं नाही.

रविवारी ती फर्दापूरला गेली. या वेळी सांगून गेली: "साळूबाई, विश्वजीत आणि मी. सकाळी जाऊ, संध्याकाळी येऊ." खोटं बोलत होती तेव्हा बरं होतं, असं मला वाटलं. लपवण्याइतका तरी माझा धाक होता. विहारात मी एकटाच गेलो. सगळे वंदना म्हणत होते आणि मी एस्टी आता कुठं पोचली असेल त्याचा अंदाज बांधत होतो. संध्याकाळी ती आली, पाय धुतले, म्हणाली, "गाळा चांगला आहे." मी "बरं" म्हणालो. आणखी काही सांगेल म्हणून थांबलो. ती भाकरीचं पीठ मळायला बसली.

सोमवारी मी कामगार कार्यालयात गेलो. साक्ष द्यायला नाही. तो येतो का, ते बघायला.

तो आला होता. वऱ्हांड्यातून मला आतलं सगळं दिसत होतं. टेबलामागं अधिकारी बाई, समोर विशाखा, साळूबाई, आणि विशाखाच्या शेजारच्या खुर्चीत विश्वजीत. इस्त्रीचा शर्ट घातलेला, केस नीट विंचरलेले. ती खुर्ची माझी होती. मी नाही म्हणालो म्हणून ती रिकामी झाली होती, हे मलाही कळतं. तरी तो त्यात बसलेला मला बघवेना. मी दारापर्यंत गेलो.

अधिकारी बाई त्याला विचारत होत्या, "तुम्ही अजून तिथं कामाला आहात. हे लिहून दिल्यावर मालक तुम्हाला ठेवणार नाही, कळतंय ना?"

"कळतंय मॅडम," विश्वजीत म्हणाला. "जाऊ द्या. माझ्यापुढंच लावलं होतं त्यानं ते रेकॉर्डिंग. ताईंचं हसणं ऐकून लोक हसत होते. मी तिथं काही बोललो नाही, तेच मला लई लागलंय. इथं तरी बोलतो."

मला ते वाक्य माझ्या तोंडात हवं होतं. शब्दन् शब्द. विशाखानं त्याच्याकडं पाहिलं, आणि तिनं असं माझ्याकडं शेवटचं कधी पाहिलं होतं ते मला आठवेना.

"कॅमेरा लावायला आमची ना नाही," अधिकारी बाई म्हणाल्या. "पण बायका जेवतात तिथं न सांगता आवाज टिपायचा? मालक झाला म्हणून काय झालं? बरं, हा माइक बसवला कुणी?"

विश्वजीतनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तो विशाखाकडं वळला. साळूबाईनं पदराशी चाळा सुरू केला. विशाखानं मान वर केली तेव्हा तिला दारातला मी दिसलो.

अजून वेळ होता. चार पावलं पुढं जाऊन "मी बसवला" म्हणायचं होतं, बस. पण विश्वजीतच्या नंतर, विश्वजीतच्या मागं उभं राहून बोलायचं? माझे पाय उचललेच नाहीत.

"बाहेरून एक माणूस आला होता," विशाखा म्हणाली.

"ओळखता का तुम्ही त्याला?"

"नाही मॅडम," ती म्हणाली. माझ्याकडं बघतच म्हणाली.

विश्वजीतनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. लाज माझी होती, आणि तीसुद्धा माझ्या आधी त्यानंच वाटून घेतली, हे मला सहन झालं नाही.